पाय मोडणारी कळ

मराठी लेखनचिन्हांची नावे एकदा सलग उच्चारून पाहावीत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार. यांतले प्रत्येक चिन्ह अक्षराला काही ना काही देते. कोणी स्वर देते, कोणी नासिक्य ध्वनी. अक्षराकडून काढून घेणारे चिन्ह मात्र एकच आहे. शाळेत त्याला आपण ‘पाय मोडणे’ म्हणतो आणि व्याकरणाच्या वर्गात तेच ‘हलन्त’ होते. पाणिनीय परिभाषेत ‘हल्’ म्हणजे व्यंजन, आणि ज्याच्या अंती व्यंजन आहे ते हलन्त. म्हणजे नाव मुळात शब्दाचे. व्यवहारात ते चिन्हाला चिकटले. त्याचे काम ‘क’मधला अकार काढून ‘क्’ तेवढा मागे ठेवणे. तो ‘क्’ पुढच्या व्यंजनाला टेकला की चिन्हही दिसेनासे होते. ‘पक्का’ या शब्दात पाय मोडल्याची खूण कोठेच नाही. पण ती क्रिया झाल्यावाचून संगणकावर ‘पक्का’ उमटत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लॅपटॉपच्या कळफलकावरची नेमकी हीच कळ मुकी झाली. हा लेख तिच्याविषयी आहे. कळफलकाच्या दुरुस्तीत साहित्याच्या वाचकाला रस का वाटावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण त्या आठवड्याभरात लिपीविषयी जे दिसले, ते वर्गात अनेक वर्षे लिपी शिकवूनही इतके लख्ख दिसले नव्हते.

मी इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकन करते. ही रचना केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये प्रमाण केली, १९८८मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि १९९१च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. तिच्या मागे आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम आहे. त्यात मोहन तांबे यांचे नाव अग्रभागी येते. रचनेचे तत्त्व साधे आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘के’वर क, ‘एल’वर त, ‘जे’वर र. आणि पाय मोडण्याचे चिन्ह ‘डी’ या कळीवर, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, जिथे बोट विसाव्याला असते तिथेच. उजव्या हाताने व्यंजन द्यावे, डाव्याने त्याचा पाय मोडावा, पुन्हा उजव्याने पुढचे व्यंजन द्यावे, जोडाक्षर तयार. त, डी, र म्हणजे ‘त्र’. हातांची ही आवर्तने एकदा अंगवळणी पडली की विचार करावा लागत नाही.

बिघाड झाला तेव्हा मी स्वतःचे काही लिहीत नव्हते. एम.ए.च्या अंतिम वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प टंकित करायला तिला मदत करीत होते. ही मुलगी समुद्रपूर तालुक्यातली. विषय तिनेच निवडलेला : कापसाच्या शेतीतले शब्द. आजीला समोर बसवून तिने सुमारे चारशे शब्द वहीत उतरवले होते. पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटची वेचणी आटोपेपर्यंत. पऱ्हाटी, सरकी, सरते, डवरा, धुरा, फरदड, कवडी. वेचणीच्या आरंभी शेतात करायची सीतादही. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात बाजारात त्या गावाच्या नावानेच ओळखला जात असे. त्या कापसाभोवतीची बोली मात्र अशाच वह्यांतून वेचावी लागते. तिच्याकडे संगणक नव्हता. मोबाइलवर तिने प्रयत्न केला होता. पण रोमन अक्षरे देऊन मराठी शब्द मागवण्याच्या पद्धतीत यंत्र आपल्याला ठाऊक असलेले शब्दच पुढे करते. ‘पऱ्हाटी’ मागितली तर त्याने तिला ‘पराठा’ सुचवला. म्हणून ती माझ्याकडे आली होती. ती वहीतून वाचत होती, मी टंकित होते, आणि पडद्यावर ‘पऱहाटी’ उमटली.

पुन्हा टंकले. पुन्हा ‘पऱहाटी’. ‘धुऱ्यावर’चे ‘धुऱयावर’ झाले. मग जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांची नावे लिहून पाहिली. हिंगणघाट, देवळी, सेलू आणि कारंजा शाबूत राहिले. वर्ध्याचा ‘वरधा’ झाला, आर्वीची ‘आरवी’, आष्टीची ‘आषटी’ आणि समुद्रपूरचे ‘समुदरपूर’. अर्धा जिल्हा उभा, अर्धा लंगडा. पाय मोडता येत नाहीत म्हणून लंगडलेला, हा त्यातला विरोधाभास विद्यार्थिनीच्याही ध्यानात आला आणि ती हसली.

यंत्राचा दोष शोधण्याची रीत बरीचशी पाठचिकित्सेसारखी असते. चूक लेखकाची, लेखनिकाची की मुद्रकाची, हे ठरवण्यासाठी एकेक पायरी वेगळी काढून तपासावी लागते. प्रथम भाषा बदलून इंग्रजी केली. ‘डी’ तिथेही उमटेना. म्हणजे दोष मराठीच्या मांडणीत नव्हता. मग कळ किंचितच दाबली गेली तर ती दुर्लक्षित करणारी ‘फिल्टर कीज’ नावाची सोय चालू आहे का, ते पाहिले. ती बंद होती. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. फरक नाही. नंतर पडद्यावर कळफलकाचे चित्र उघडले आणि माउसने त्यातली ‘डी’ दाबली. ‘पऱ्हाटी’ अचूक उमटली. शेवटी विभागातल्या संगणकाचा सुटा कळफलक काढून लॅपटॉपला जोडला. त्यावरही सारे व्यवस्थित. निष्कर्ष सरळ होता. संगणकाला लिपी येत होती, सूचनाही समजत होती. फक्त त्या एका कळीचा निरोप आतपर्यंत पोचत नव्हता.

मग सफाई. लॅपटॉप बंद करून, विजेची तार काढून, तो पालथा धरून हलकेच थोपटला. मऊ ब्रशने फटी झाडल्या. कळीच्या टोपीखाली प्लास्टिकची नाजूक कात्रीसारखी चौकट असते आणि तिच्या मधोमध रबराची लहानशी घुमटी. टोपी जपून उचलल्यावर त्या घुमटीच्या कडेला पांढरा तंतूंचा पुंजका निघाला. जिनिंगचे दिवस होते. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात असतात आणि खिडकीच्या जाळीलाही पेळूसारखे काही लटकलेले आढळते. कापसाच्या शब्दांचे काम कापसानेच अडवले, असे म्हणण्याचा मोह झाला. पण पुंजका काढल्यावरही कळ मुकीच राहिली. कथा सुंदर होती, कारण मात्र ते नव्हते.

कारण सांगितले ते दुरुस्तीच्या दुकानातल्या तरुणाने. त्याने कळ दोनदा दाबली, शेजारच्या चार कळा दाबून पाहिल्या आणि म्हणाला, “मॅडम, एकटंच बटन गेलं म्हणजे त्याच्या खालचा कॉन्टॅक्ट गेला. अख्खी लाइन गेली असती तर पट्टी पाहिली असती.” कळफलकातल्या कळांना प्रत्येकी वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या वाहक रेघांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ एकमेकींना भेटतात आणि त्या भेटीच्या जागेवरून अक्षर ओळखले जाते. एक रेघ तुटली तर तिच्यावरच्या अनेक कळा एकदम जातात. एकच कळ गेली तर भेटीची तेवढी जागा झिजलेली असते. “तेवढंच नीट करता येणार नाही का?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “नाही जी. एक बटन बदलवता येत नाही, पूर्ण कीबोर्डच बदलवा लागते. नागपूरहून मागवतो. आठ दिवस धरा.”

आठ दिवस आमच्यापाशी नव्हते. प्रकल्प पाच दिवसांनी सादर करायचा होता. दुकानातून परतताना मगन संग्रहालयाची आठवण झाली. गांधीजींच्या हस्ते १९३८च्या डिसेंबरात उघडलेल्या या संग्रहालयात चरखे आहेत, ग्रामोद्योगांची अवजारे आहेत. त्यांतली बहुतेक अशी की, एक भाग मोडला तर तोच बदलावा. १९२९मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटींत किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये हे जसे होते, तसेच दुरुस्तीचा वार्षिक खर्च अल्प असावा हेही होते. ती विचारसरणी ज्या गावात नांदली, तिथेच एका अक्षराच्या दुखण्यासाठी सारी वर्णमाला उपटून बदलायची, हे मला थोडे चमत्कारिक वाटले. असो.

आता घरी येऊन त्या कळीकडे नीट पाहण्याची वेळ आली. ती गेल्यामुळे एक नव्हे, दोन गोष्टी गेल्या होत्या. ‘डी’ साधी दाबली तर पाय मोडतो. शिफ्टसह दाबली तर ‘अ’ उमटतो. अकार काढून घेणारे चिन्ह आणि स्वतः अकार एकाच कळीवर. मी ही कळ इतकी वर्षे वापरीत होते, पण या शेजाराचा अर्थ ती बंद पडल्यावर उलगडला. नागरी लिपीत ‘अ’ला स्वरचिन्ह नाही. आ-पासून औ-पर्यंत प्रत्येक स्वराला काना-मात्रांचा वेश आहे. अकाराला नाही, कारण तो प्रत्येक व्यंजनात न सांगता बसलेलाच असतो. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताच्या प्रत्येक स्वरकळीवर खाली चिन्ह आणि वर पूर्ण स्वर अशी जोडी आहे : काना आणि आ, वेलांटी आणि इ. अकाराचे चिन्ह नसल्यामुळे त्याच्या कळीवरची एक जागा रिकामी राहत होती. रचनाकारांनी तिथे अकाराचा अभाव बसवला. ज्याला चिन्ह नाही, त्याच्या नसण्याला चिन्ह दिले. अष्टाध्यायीचे अखेरचे सूत्र केवळ अकाराविषयी आहे आणि गीतेच्या दहाव्या अध्यायात अक्षरांमध्ये अकाराला विभूतीचा मान आहे, हे आपण जाणतो. पण हे व्याकरण कोणीतरी कळफलकाच्या एका चौकोनात बसवून ठेवले आहे, हे माझ्या एकाही वर्गात मी सांगितले नव्हते.

अकार गेल्यावरचे परिणाम थोडे विनोदी, थोडे भयंकर होते. ‘अमर’चे ‘मर’ झाले. ‘अशुद्ध’ लिहावे तर ‘शुदध’ उमटे. ‘अन्याय’ लिहिला की ‘नयाय’. नकाराची सारी सोयच गेली होती.

याच संदर्भात वर्ध्याशी निगडित एक जुना अध्याय आठवतो. १९३५मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झाले. त्यातून नागरी लिपीसुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि तिची धुरा काका कालेलकरांकडे आली. पुढच्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. त्या काळी पुरस्कारली गेलेली प्रमुख सुधारणा म्हणजे अकाराची बाराखडी : इ, ई, उ, ए यांच्या स्वतंत्र आकृत्या टाळून ‘अ’लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा लावायच्या, अि, अी, अु, अे. सावरकरांनीही हीच दिशा सुचवली होती. छापखान्यातले खिळे कमी व्हावेत, टंकयंत्राला मोजक्या कळांत नागरी बसवता यावी, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. ती सुधारणा रुजली असती, तर माझ्या एका मुक्या कळीने शब्दारंभीचे बहुतेक सारे स्वर नेले असते. भार एकाच खांबावर आला की इमारत आटोपशीर होते; पण तो खांब जपावा लागतो.

टंकयंत्राने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. त्याच्या दृष्टीने अक्षर म्हणजे ध्वनी नव्हे, आकृती. श, ण, भ, ध यांसारखी अक्षरे अर्धी टंकायची आणि मग काना जोडून ती पूर्ण करायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी द्यायची, कारण कागदावर ती आधी दिसते. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र आणले आणि २००९मध्ये हे उत्पादन थांबवले. त्या अर्धशतकात कचेऱ्यांतल्या आणि टंकलेखन वर्गांतल्या बोटांना नागरीची ही आकृतिप्रधान समज मिळाली. तिथे अर्धे अक्षर आधी आणि पूर्ण अक्षर नंतर. इनस्क्रिप्टमध्ये उलट, व्यंजन पूर्ण येते आणि मग त्यातला अकार काढला जातो. एकात जोडणे, दुसऱ्यात मोडणे. टंकयंत्राची कळ मोडली असती तर एखाद-दुसरी आकृती हुकली असती. माझी कळ मोडली तेव्हा एक क्रियाच थांबली.

तरीही एक गोष्ट लक्षात आली. विद्यार्थिनी पडद्यावरचे ते लंगडे मराठी सहज वाचत होती. ‘विदयारथी’ दिसले तरी ती ‘विद्यार्थी’च म्हणे. याचे कारण मराठीच्या उच्चारात आहे. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. कोठला अकार गिळायचा, हे मराठी जिभेला लिपीने सांगावे लागत नाही. त्यामुळे व्याकरणातला ‘कर्ता’ माझ्या पडद्यावर ‘करता’ झाला, तरी वाक्य वाचणारा त्याला बरोबर जागी बसवी. क्षणभर वाटले की, एवढ्या चिन्हाचे अवडंबर तरी का करावे? अर्थ तर पोचतोच आहे.

या प्रश्नाचे उत्तर त्या वहीतच होते. ‘विदयारथी’ आपण नीट वाचतो, कारण ‘विद्यार्थी’ आपल्याला आधीच ठाऊक असतो. पान चुकते आणि स्मृती दुरुस्त करते. ‘पऱहाटी’ ती मुलगी नीट वाचत होती, कारण आजीच्या तोंडून तो शब्द तिने ऐकला होता. पण पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक हा प्रकल्प उघडील, त्याच्या कानात आजीचा आवाज नसेल. तो ‘प-ऱ-हा-टी’ असे चार अक्षरी काहीतरी वाचील आणि त्याला टोकणारे कोणी उरलेले नसेल. प्रमाण शब्दाला लाखो साक्षीदार असतात. त्याच्या लेखनातली चूक कोणीही सांभाळून घेते. ज्या शब्दाचे बोलणारे मोजके उरले आहेत, त्याला कागद हाच एकमेव साक्षीदार. म्हणून शुद्धलेखनाची सर्वांत मोठी गरज प्रमाण भाषेला नाही, बोलीला आहे. आपण नेमके उलट मानत आलो : प्रमाण भाषा काटेकोर लिहायची आणि बोली ‘कशीही’ लिहिली तरी चालते.

यात ‘ऱ’चे स्थान मोठे आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद मराठीपुरता खरा आहे; हिंदी टंकनाला या डोळ्याच्या पापणीसारख्या रकाराची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे, पण त्याचा पापणीसारखा आकार त्याच्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह आल्याशिवाय प्रकटत नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्ददेखील त्या अदृश्य खुणेवर उभा आहे. वर्धा नदी ही वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांच्यामधली जुनी सीमा. आमच्या जिल्ह्याची बोली या सीमेवरची, दोन्हीकडचे थोडे घेतलेली. तिची चव नेमकी अशा जोडाक्षरांत आणि ‘डोळा’चा ‘डोया’ करणाऱ्या लकबींत आहे. शब्द आधीपासून ठाऊक असलेले यंत्र ती चव सुधारून टाकते. ज्या कळफलकाला एकही शब्द ठाऊक नसतो, तोच बोलीशी प्रामाणिक राहतो : जो ध्वनी द्याल, तो उमटवतो.

म्हणून तडजोड करायची नाही, असे ठरवले. विंडोजसाठी ‘पॉवरटॉइज’ नावाचे मोफत साधन मिळते. त्यात एका कळीचे काम दुसरीवर सोपवता येते. प्रश्न एवढाच की कोणती कळ बळी द्यावी? मराठीच्या कोणत्या अक्षरावाचून भागेल? वर्णमालेत असा गरीब कोणी सापडेना. मग इनस्क्रिप्टचा मूळ तक्ता काढला. ही रचना सर्व भारतीय लिप्यांसाठी समान आहे. म्हणून तिच्यात मराठीला न लागणारी काही चिन्हे आहेत. खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यातली ‘झेड’ ही कळ ऱ्हस्व एकारासाठी राखलेली आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या भाषांत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए हे वेगळे स्वर आहेत. मराठीत तो भेद नाही. दक्षिणेच्या भाषांसाठी ठेवलेले ते आसन आम्ही पाच दिवसांसाठी मागून घेतले. ‘झेड’ दाबली की संगणकाला ‘डी’ दाबल्याचा निरोप जाऊ लागला. पाय मोडू लागले, शिफ्टसह अकारही परतला.

बोटांना मात्र हे समजायला वेळ लागला. मधले बोट सवयीने जुन्या जागी जाई, मुकी कळ दाबी आणि मग करंगळी खाली उतरून काम पुरे करी. प्रत्येक जोडाक्षराला क्षणभर थांबावे लागे. ते थांबणे मला उपयोगी पडले. मराठीच्या एका पानात किती वेळा आपण व्यंजनाचा अकार काढतो, हे प्रथमच बोटांनी मोजले जात होते.

चौथ्या दिवशी शब्दसूची पूर्ण झाली. विद्यार्थिनीने ती छापून घरी नेली आणि आजीला वाचून दाखवली. आजीला अक्षरओळख नाही. “वाच वं पोरी,” म्हणून ती ऐकत बसली. दोन शब्दांचे अर्थ तिने दुरुस्त केले, एका शब्दाला ‘हा आपल्या इकडचा नाही, नदीपल्याडचा हाये’ असा शेरा दिला आणि बाकीच्यांना ‘बराबर हाये’ म्हणाली. हे सारे त्या मुलीने टिपून आणले आणि आम्ही पाचव्या दिवशी सकाळी तेही सूचीत घातले.

नागपूरहून नवा कळफलक आला, बसवला गेला. ‘झेड’कडचे काम काढून घेतले. आता वर्गात लिपीचा घटक आला की मी फळ्यावर वर्णमालेऐवजी एक चौकोन काढते. त्यात खाली पाय मोडण्याचे चिन्ह आणि वर ‘अ’. हे दोघे एकत्र का राहतात, एवढाच प्रश्न विचारते. बहुतेक मुले मोबाइलवर वाढलेली. त्यांनी हा कळफलक पाहिलेलाही नसतो. उत्तर यायला वेळ लागतो. मग त्यांना त्यांच्या घरातला, पुस्तकात न सापडणारा एकेक शब्द लिहायला सांगते. अशा बेताने, की तो कधीही न ऐकलेल्या माणसालाही अचूक उच्चारता यावा. पहिल्या प्रयत्नात फार थोड्यांना जमते.